घरात याला काय म्हणायचे?

आई गेल्यानंतर चार महिन्यांनी आम्ही भावांनी जिंतूर तालुक्यातलं गावचं घर आवरायला घेतलं. माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक वस्तू निघाली. कमरेपर्यंत येईल एवढी पोकळ बांबूची नळी, वरच्या तोंडाला घट्ट बसवलेली लाकडी वाटी. धाकटा म्हणाला, "रॉकेलचं नरसाळं असेल, टाकून दे." मला टाकवेना. तिने ते इतकं जपून का ठेवलं होतं, हे विचारायला आता ती नव्हती.

ऑफिसातल्या एका परभणीकराने सांगितलं होतं की झरीच्या पुढे एका खेड्यात गावकऱ्यांनीच जुन्या वस्तूंचं संग्रहालय केलं आहे. तिथे देऊन यावी असं ठरवून एका शनिवारी संभाजीनगरहून सकाळची रेल्वे धरली. सेलू गेलं की दोन्ही बाजूंना काळी रानं सुरू होतात. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्या उभ्या होत्या. परभणीला उतरून जिंतूरकडे जाणारी एसटी घेतली आणि झरीहून पुढे काळी-पिवळी जीप. ती माणसं भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हातात वेळ ठेवा. आणि आधी फोन जरूर करा, कारण तिकीट नाही, ठरावीक वेळ नाही आणि चावी बऱ्याचदा शेतात गेलेली असते. पेरणीच्या दिवसांत तर जाऊच नका, कोणी भेटणार नाही.

संग्रहालय म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. आत पाट्या नाहीत. प्रत्येक वस्तूजवळ काळ्या चौकोनांचा एक कोड चिकटवलेला. तो मोबाईलवर घेतला की माणसं बोलायला लागतात. गावात नेट धड नाही, म्हणून कोपऱ्यात एक छोटी पेटी आहे. तिच्या वायफायवर हे सगळं चालतं. मी बैलाच्या तोंडाला बांधायच्या एका मुसक्यासमोर उभा राहिलो. आधी एका म्हाताऱ्याने ते कसं विणतात ते सांगितलं. मग एका बाईचा आवाज आला, "ह्यांला काय विचारायलाव, इणायचे तर आमचे मामंजी." त्यानंतर तिसऱ्याने दोघांनाही खोटं पाडलं. कोणाचंच बोलणं काढून टाकलेलं नव्हतं. एका मुसक्यापाशी मी अर्धा तास होतो. मुंबई-दिल्लीची मोठी संग्रहालयं मी पाहिली आहेत, पण तिथल्या वस्तू कधी भांडत नाहीत.

कारभार दोघींकडे आहे. साठीच्या अनुसयाबाई वस्तू बघतात आणि त्यांची सून रेखा टॅबलेट सांभाळते. मी गाठोडं सोडलं आणि म्हणालो, "नरसाळं आहे बहुतेक."

"नरसाळं?" अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "एवढ्या लांब नरसाळ्यानं तेल कुठं, हिरीत वतायचं व्हतं का, दादा?"

"आत्या, पाहुणे हायेत," रेखा म्हणाली, पण हसत तीही होती. तिने फोटो काढून आसपासच्या गावांच्या ग्रुपवर टाकला. त्यांची पद्धत अशी, की वस्तूबद्दल लिहून पाठवायचं नाही, बोलून पाठवायचं. आम्ही भाकरी, ठेचा आणि तुरीच्या घुगऱ्या खायला बसलो. चहा होईपर्यंत फोन सारखा वाजत होता. रेखाने एकेक आवाज लावला. मोघणं. सरतं. कुणी नुसतंच नळा म्हणालं. पेरताना तिफणीच्या मागे दोरीने बांधतात, बाई ते धरून चालते, ओटीतली तूर मुठीमुठीने वाटीत सोडते. मला आईचं एवढंही माहीत नव्हतं.

मग एका म्हातारीचा चिरका आवाज आला. "खालचं तोंड तिरपं कापलंय, म्हंजी ती बाजू मागची. आता वाटीचा काठ बघा. दाणं सोडताना मूठ घासती तिथं. आमचा समद्यांचा उजवीकडं झिजतो. ह्यो डावीकडं गुळगुळीत झालाय. बाई डावरी व्हती."

अनुसयाबाईंनी काठावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

आई जेवायची उजव्या हाताने. पाहुण्यांना वाढायचीही उजव्याने. पण जवळपास कोणी नसलं की भाकरी डाव्या हाताने थापायची. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या बाईने आईला कधी पाहिलंही नाही, तिने फोटोतल्या लाकडावरून ते ओळखलं. मी मान हलवली.

रेखाने टॅबलेट पुढे केला. "वस्तू ठेवायची तर एक सवाल करावाच लागतो, दादा. घरात याला काय म्हणायचे? तुमच्या तोंडानं सांगा. तेच आमचं पहिलं नाव."

रेकॉर्डिंगची लाल खूण लागली. मी आईचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, ती डावरी होती हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "काय म्हणायची माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

"राहू द्या रिकामं," अनुसयाबाई म्हणाल्या. "इचारून कळवा."

वस्तू तिथे ठेवून मी परतलो.

घरी आल्यावर चार दिवस गेले. मग सेलूच्या मावशीला फोन लावला. तेराव्यानंतर मी तिच्याशी बोललोच नव्हतो.

"सवड झाली का, बाबा?" ती म्हणाली. मी सगळं सांगितलं.

"हाय व्हय ते अजून? लगनात धाडलं व्हतं संगं. आमच्या बापानं सुताराकून खास तिच्यापुरतं करून घेतलं व्हतं. दुसरीच्या हातात बसायचंच न्हाई ते. आमी मोघणंच म्हणायचो."

"आणि आई?"

"ती कुठं नाव घेत व्हती? रानात निघाली की म्हणायची, माझं आण गं."

मी पुन्हा विचारलं, तेव्हा मावशी जरा चिडली. "आरं, माझं. नुसतं माझं."

आमचं घर भरलेलं असायचं. भांडी, दागिने, माळवद, सगळ्याला घराचं नाव. त्यातल्या कशालाही आईने माझं म्हटलेलं मला आठवत नाही.

रिकाम्या राहिलेल्या नावासाठी रेखाला मी आवाज पाठवला. तिथे गेलात तर दाराच्या डाव्या हाताला बांबूची नळी दिसेल. कोड घेतला की पहिला आवाज माझा आहे, थोडा अडखळतो. मोघणं आणि सरतं यांचं भांडण त्याच्यानंतर सुरू होतं.