अंड्यांच्या ट्रेमधले आठ टॅपेट

"बाईमाणूस असून इंजिन उघडते" असं कुणी माझ्या ताईचं कौतुक केलं की माझं डोकंच फिरतं. अरे, उघडायला काय, कुणीही उघडेल. उघडल्यावर काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे कळायला अक्कल लागते. या रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांची अक्कल एकत्र केली तरी ती ताईएवढी भरायची नाही. मी तिचा धाकटा भाऊ. गॅरेज दोघांचं, बडबड माझ्याकडे, इंजिन तिच्याकडे.

दुसरीकडे झाकण निघालं रे निघालं की "सगळं नवंच टाका" म्हणून मोकळे होतात. ताई एकेक भाग पुसते, मोजते, त्यावर नख फिरवते. नख अडलं तर भाग बाद, नाहीतर तो पुन्हा इंजिनात. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या छोट्या दट्ट्यांच्या बाबतीत मात्र ती भारी कडक. कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्याच्या प्रत्येक उंचवट्यावर एकेक टॅपेट वर्षानुवर्षं घासतो आणि दोघं एकमेकांच्या बेताने झिजतात. जुना टॅपेट परत घालायचा तर त्याच्याच जागी घालायचा. जागा बदलली की दोघंही एकमेकांना खातात. म्हणून ती अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये आकडे लिहून एकेका खळग्यात एकेक टॅपेट ठेवते.

एका सोमवारी ड्रायव्हरकाकांची व्हॅन आली. काकूंना दर गुरुवारी घाटापलीकडच्या हॉस्पिटलात उपचारांना न्यावं लागायचं, आणि एकही गुरुवार चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मंगळवारी ताईने इंजिन खोललं, आठही टॅपेट मोजले, चांगले ठरवले आणि व्हॉल्व्ह घेऊन लेथवाल्याकडे गेली. मला वाटलं, रिकामं बसून काय करायचं? आठही टॅपेट रॉकेलच्या डब्यात टाकले, लख्ख धुतले आणि ट्रेमध्ये पुन्हा मांडून ठेवले. आकडे ट्रेवर होते, टॅपेटवर नव्हते, हे माझ्या टाळक्यात शिरलं तेव्हा ताई दारात उभी होती.

तिने ट्रे उचलला. भिंग घेऊन खिडकीशी बसली आणि संध्याकाळपर्यंत झिजेच्या खुणा जुळवत राहिली. पाच जुळल्यासारखे वाटले, पण छातीवर हात ठेवून सांगता येईल असा एकही नाही. नवे टॅपेट आणि नवी कॅमशाफ्ट मागवली तर शनिवार उजाडणार होता.

"मापात आहेत ना आठही? मग बसव की," मी म्हटलं. "कुणाला कळणार आहे? महिना-दोन महिने सहज निघतील."

"आणि घाटात दगा दिला तर? काकू आत असताना?"

"नाही देणार गं."

"का, कॅमशाफ्टशी बोलणं झालंय वाटतं तुझं."

तिने तिथल्या तिथे काकांना फोन लावला. "काका, टॅपेट माझ्या हातून मिसळले. गाडी शनिवारी मिळेल. गुरुवारी तुम्हा दोघांना मी घेऊन जाते." मी शेजारीच उभा होतो. ते तिच्या हातून नाही, माझ्या हातून झालं, एवढं बोलायला माझं तोंड उघडलं नाही. एरवी तापाने फणफणत असतानाही गॅरेज बंद न ठेवणारी बाई गुरुवारी पहाटे आमची पिकअप काढून गेली. संध्याकाळी परत आली, म्हणाली काकूंचा उपचार नीट झाला, आणि हात धुऊन सरळ कामाला लागली. माझ्या नावाने एक चकार शब्द नाही.

शनिवारी ताईने सगळं नवं बसवलं. ती आत हत्यारं पुसत असताना काका गाडी न्यायला आले. मी चावी हातात धरून म्हटलं, "काका, ते टॅपेट मी मिसळले होते. ताईने नाही."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "वीस वर्षं तिच्याकडे गाडी आणतोय. तिच्या हातून टॅपेट मिसळतील हे मला पटेना. घाटात तिला तसं विचारलंही."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तो आपणहून येऊन सांगेल तुम्हाला. तोवर चूक माझीच धरा.'"

मी आत पाहिलं. ताई पाठमोरी उभी होती. मी सांगेन यावर तिने डोळे मिटून भरवसा ठेवला होता, आणि इथे काका दारात येईपर्यंत माझा मलाच नव्हता.