चादरीपलीकडचे कवळीवाले

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. पण दात घडवून कवळीवाल्यांनी सगळ्या घराचं पोट भरलं होतं, आणि वर एकुलत्या एका लेकीला रसायनशास्त्राच्या पदवीपर्यंत पोचवलं होतं. आता तिला पुढचं शिकायला परदेशी जायचं होतं. तिथली फी ऐकून बापलेकीची दातखीळच बसली, म्हणून सगळी भिस्त एका शिष्यवृत्तीवर होती. अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला होता. उरली होती मुलाखत, तीही घरबसल्या, लॅपटॉपवर.

घर म्हणजे दुकानामागची एक खोली. तिथे रेंज टिकत नसे, तेव्हा बसायचं दुकानातच. आणि दुकानात तर फळीफळीवर प्लास्टरचे जबडे, कुणाचे वरचे, कुणाचे खालचे. शाळेत असताना मैत्रिणी आल्या की ती त्यांना रस्त्यावरच उभं ठेवून बोलायची. ती सवय काही सुटली नव्हती. तिने सकाळीच दोरी बांधून एक पांढरी चादर टांगली आणि तिच्या अलीकडे खुर्ची मांडली. जबडे पलीकडे गेले, पॉलिशचं मशीन पलीकडे गेलं आणि बाबाही पलीकडे गेले. खोकलासुद्धा येऊ देऊ नका, असं तिने त्यांना बजावलं. त्यांनी निमूट मान हलवली.

त्यातच पेन्शनीतले पोस्टमनकाका मोडकी कवळी घेऊन हजर झाले. दुरुस्ती अर्ध्यावर आली आणि मुलाखतीची वेळ झाली, त्यामुळे त्यांनाही चादरीआड बसावं लागलं. एरवी त्यांच्या तोंडाला विसावा नसे. पण दात बाबांच्या हातात, बोलणार काय?

परक्या भाषेची परीक्षा तिने आधीच दिली होती, म्हणून ही मुलाखत आपल्याच भाषेत होती. तसं नसतं तर बाबांना अवाक्षर कळलं नसतं आणि पुढचं काही घडलंही नसतं.

समितीत तिघं होती. अभ्यासाच्या प्रश्नांची उत्तरं तिने फडाफडा दिली. मग मधल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, या विषयाकडे वळलात कशा? सुरुवात कुठून झाली?

याचं उत्तर तिला पाठ करावं लागलंच नव्हतं. ती लहान असताना बाबांनी एकदा कवळीच्या हिरड्यांसाठीच्या गुलाबी भुकटीत उग्र वासाचं औषध कालवलं, त्याची गोळी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून तिच्या हातावर ठेवली आणि मूठ मिटायला सांगितलं. गोळी हळूहळू घट्ट झाली आणि विस्तवाशिवाय, आपली आपणच गरम झाली. का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, मला नाही माहीत बाळ, तू शिक आणि मला सांग.

ती सांगू लागली. भुकटी सांगितली, वास सांगितला, मुठीतली ऊब सांगितली. बाई पुढे सरकून ऐकू लागल्या. आणि बाबा म्हणायची वेळ आली तेव्हा तिची जीभ अडली. बाबा म्हटलं की ते काय करतात, हा प्रश्न येणार. कवळ्या म्हटलं की ही माणसं गालातल्या गालात हसणार, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं.

"आमच्या शाळेतल्या सरांनी दाखवलं होतं," ती म्हणाली. "मला माहीत नाही, तू शिक आणि मला सांग, असं म्हणाले होते सर."

चादरीपलीकडे स्टूल किंचित करकरलं.

असे शिक्षक भाग्याने मिळतात, बाई म्हणाल्या. तिघांचेही चेहरे खुलले होते. काम झालं हे तिला तिथेच कळलं, तरी धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. आणखी काही सांगायचंय का, असं बाईंनी शेवटी विचारलंही. तिने नाही म्हटलं.

तिने लॅपटॉप मिटला. चादर शेवटी बाबांनीच सारली. पोस्टमनकाका तिच्याकडे बघेनात. बोळकं मिटून ते फळीवरचे जबडे न्याहाळत होते. बाबांनी मात्र रोजच्यासारखी कवळी उजेडात धरून पाहिली, जोडावर बोट फिरवलं आणि काकांच्या हातात दिली. बाबांनी एक थोबाडीत लगावली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"बाबा, मघाशी मी..."

"ते गोळीचं होय?" बाबा हात पुसत म्हणाले. "मी आपला इतकी वर्षं समजत होतो की मीच दाखवलं होतं तुला. वय झालं आता, घोटाळा होतो. सरांनीच दाखवलं असणार."

ते थांबले. तिच्या उत्तराची वाट बघत होते, की तिला वाट करून देत होते, कोण जाणे.

"हो बाबा," ती म्हणाली. "सरांनीच."