आमच्या घरचं पचमढीवालं

गेली दोन वर्षं आमच्या घरात पाच जण राहताहेत: मी, आमचे हे, आप्पा म्हणजे माझे सासरे, कॉलेजात जाणारी लेक श्रुती आणि हायड्रेंजिया. पाचव्याचा मान सगळ्यांत मोठा.

ते आलं मे महिन्यात. शाळेला सुट्टी लागली म्हणून आम्ही पचमढीला गेलो होतो (मी शिक्षिका आहे, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर सांगायला लाज वाटेल). तिथे हॉटेलच्या दारात निळ्या फुलांचे हे एवढाले गेंद! एकेक फूल श्रुतीच्या डोक्याएवढं. मी तिथेच फतकल मारून बसले आणि जाहीर केलं की रोप घेतल्याशिवाय पचमढी सोडणार नाही.

नर्सरीवाल्याने विचारलं, "कहाँ ले जाओगे मॅडम?"

"बुरहानपुर."

त्याने रोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रोपाकडे पाहिलं आणि कुंडी माझ्या हातात देताना पानांवरून हळूच हात फिरवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पिपरिया स्टेशनवरून परतीच्या गाडीत झाड खिडकीशी बसलं आणि आमचे हे बॅगेवर.

घरी पोचताच मी फुलांचा फोटो इंदूरला ताईला पाठवला. ताई माझी थोरली बहीण. अर्ध्या मिनिटात तिचा फोन आला.

"बेबी, तू परत सुरू झालीस का?" (वय वर्षं एक्कावन्न, केस रंगवलेले, गुडघ्याला पट्टा, पण माहेरी मी अजून बेबी.) "हार्मोनियम अर्ध्यात सोडलीस. शिवणक्लास अर्ध्यात सोडलास, आईच्या ट्रंकेत तुझा एका बाहीचा ब्लाउज अजून पडलाय! आणि आता हे? अगं, बुऱ्हाणपूरच्या उन्हात माणसं टिकत नाहीत. हे झाड तुझ्याकडे एकदा जरी फुललं ना, तर सबके सामने माझेच कान पकडीन मी!"

फोन ठेवल्यावर मला रडू आलं, हे कबूल करते. कारण ताईच्या बोलण्यात एक शब्द खोटा नव्हता. आयुष्यात एक तरी गोष्ट पूर्ण करून तिला दाखवायची, असं मी त्या दिवशी ठरवलं. मग काय वाट्टेल ते होवो!

पचमढीहून आलेली फुलं तिसऱ्या दिवशी वाळून पापड झाली. चौथ्या दिवशी मी झाड उचललं आणि सरळ कूलरसमोर ठेवलं. आता कूलरसमोरची जागा ही आप्पांच्या खाटेची. आप्पांनी चाळीस वर्षं बहादरपूरला केळीची शेती केली. ते दुपारी झोपायला आले, तर त्यांच्या जागी कुंडी!

"हे कायले इथं बसवलं?"

"आप्पा, त्याला ऊन सोसत नाही."

"मले सोसते?"

"तुम्हाला सवय आहे."

आप्पांनी खाट ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी नेली आणि तिथून महिनाभर त्या झाडाकडे बघत बसले. एवढी बडदास्त घरात जावयाचीसुद्धा होत नाही, असं ते ह्यांना म्हणाले म्हणे. (घरात अजून जावई नाही, पण तुलना केलीच!)

पावसाळ्यात मात्र झाड असं तरारलं की मी रोज ताईला पानांचे फोटो पाठवायला लागले. ताई रोज विचारायची, "फूल?" मी लिहायची, "येईल." दिवाळी झाली, थंडी पडली, तरी आपलं "येईल" चालूच.

आणि मग जानेवारीतल्या एका दुपारी मी शाळेतून आले, तर कुंडीत झाडच नाही! म्हणजे होतं, पण एवढंसं. बोटभर उंचीची एक काडी. बाकीचं झाड विळ्याखाली पडलेलं आणि आप्पा शेजारी समाधानाने हात धूत उभे.

मी अशी किंकाळी फोडली की समोरच्या घरातल्या बाई पोळपाटासकट बाहेर आल्या.

"कायले रडू राहिली?" आप्पा म्हणाले. "गेल्या साली फूल आलं होतं ना त्याले?"

"आलं होतं!"

"मंग झालं तर! घड उतरला का खोड कापाचं. नाहीतर बुडाशी फुटलेल्या पिलाले ताकद कुठून भेटंन? एक चांगलं पिल ठेवलं मी. आता पाहा कसं येते ते!"

"आप्पा, हे केळीचं झाड नाही!"

"झाड ते झाड. सगळे सारखेच राहतात."

मी तीन दिवस आप्पांशी अबोला धरला. आप्पांच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं.

त्या बोटभर काडीची मग मी जी सेवा केली, ती सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. फूल निळंच हवं, तर माती आंबट करा, असं मी मोबाइलवर पाहिलं. झालं! घरातली तुरटी कुंडीत गेली. चहाचा चोथा गेला. पिळलेली लिंबं गेली. गंजके खिळे घाला असंही एका बाईंनी व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून ह्यांच्या हत्यारांच्या डब्यातले सगळे खिळे मी पुरले. कॅलेंडर पडलं तेव्हा ह्यांना ते टांगायला खिळा मिळेना. "कुंडीत आहेत," मी सांगितलं. ह्यांनी कॅलेंडर टेबलावर आडवं ठेवलं आणि वर्षभर ते आडवंच राहिलं.

श्रुती म्हणाली, "मम्मी, यार, तू उसको जीने दे ना थोडा!"

पण मी ऐकते काय! सकाळी कुंडी पूर्वेच्या भिंतीला, अकरा वाजता मोरीजवळ, दुपारी कूलरसमोर, संध्याकाळी पुन्हा अंगणात. त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांत जास्त प्रवास त्या झाडाने केला. एप्रिलमध्ये तर मी त्याच्यावर माझी ओली ओढणी पसरायची. झाड वाढलं, पसरलं, गुडघ्याएवढं झालं. फूल मात्र नाही!

आषाढ लागला तेव्हा कंबर दुखायला लागली म्हणून मी कुंडी अंगणातल्या भिंतीला कायमची टेकवली आणि मनातून हार मानली. आणि आषाढ संपता संपता ताईचा फोन आला.

"जळगावला बारशाला चाललेय. उद्या दुपारी तुझ्याकडे उतरते. जेवण साधंच कर. फूल आलं का गं?"

आता माणसाने काय म्हणावं? "नाही" म्हणावं. दोन अक्षरं! मी म्हणाले, "पाच आलीत."

का म्हणाले? मला माहीत नाही. माझं तोंड माझ्या आधी बोलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शनवारा दरवाजाजवळच्या सजावटीच्या दुकानात सगळ्यांत आधी हजर. तिथे कापडी हायड्रेंजिया टोपलीभर! पाच निळे गेंद घेऊन आले. बाहेर पावसाची भुरभुर, चष्म्यावर पाणी, श्रुतीने धरलेली छत्री निम्मी तिच्याच डोक्यावर, अशा थाटात मी एकेक फूल तारेने फांदीला बांधलं.

"मम्मी, ये चीटिंग है."

"ही सजावट आहे."

आप्पा खाटेवरून बघत होते. "सूनबाई, एक सांगू का?"

"आप्पा, आज नाही! आज तुम्ही काहीच सांगायचं नाही!"

ह्यांना मी फक्त एकच आज्ञा दिली: तोंड उघडायचं नाही. (ती ह्यांनी लग्नापासून पाळलेली आहे.)

ताई आली. पिशवी ओट्यावर टाकली, पाणीसुद्धा घेतलं नाही, थेट अंगणात. आणि फुलं पाहून ती थबकलीच! तोंडावर हात. "अगंबाई! बेबी! अगं, खरंच!" तिचे डोळे भरून आले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ताई माझ्याकडे अशी बघत होती, आणि सगळं कबूल करावं असं मला वाटलं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ताई म्हणाली, "थांब, सेल्फी काढू."

ती फुलांना गाल लावून उभी राहिली. तिच्या कानात ठसठशीत झुमके. "श्रुती, इधर आ गं," म्हणत ती वळली आणि एक गेंद झाड सोडून तिच्या कानाबरोबर निघाला! कानाला फूल लोंबतंय, फुलाला तार लोंबतेय आणि तारेला दुकानाची चिठ्ठी.

ताईने चिठ्ठी वाचली. मग तिला जे हसू फुटलं! ती ओट्यावर बसली, मग आडवी झाली. श्रुती हसतेय, समोरच्या बाई दारात येऊन हसताहेत, आणि आमच्या ह्यांनी आज्ञा मोडून तोंड उघडलं, तेही हसायलाच!

माझं डोकं फिरलं. "हो! खोटी आहेत!" मी ओरडले. "सगळी खोटी आहेत! घ्या!" आणि ओरबाडायला लागले. एक फेकलं. दोन फेकलं.

"अवो, थांब!" आप्पा खाटेवरून उठले. "सूनबाई, थांब!"

"आता कशाला लपवायचं, आप्पा?" तीन! चार! भिंतीच्या बाजूला पानांत अजून एक होतं. त्याची तार फारच पक्की बसली होती, म्हणून दोन्ही हातांनी धरलं आणि कचकन ओढलं.

"ते नको!" आप्पा ओरडले. "ते नको रे बापा!"

जमिनीवर चार गेंद, एक ताईच्या कानात आणि एक माझ्या हातात.

"मम्मी," श्रुती हळूच म्हणाली, "तू तो पाँच लाई थी ना?"

मी हातातल्या फुलाकडे पाहिलं. ते निळं नव्हतं. फिकट गुलाबी होतं. देठ ओला होता. पाकळ्यांतून एक मुंगी बाहेर आली आणि माझ्या मनगटावर चढली. दुकानातल्या फुलांबरोबर मुंगी देत नाहीत.

"पंधरा दिवसांपासून पाहू राहिलो मी त्याले," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "मीच ती बाजू भिंतीकडे फिरवली. तुले सांगितलं असतं, तर तू त्याले पाऊस लागते म्हणून कूलरसमोर बसवलं असतं."

मी मटकन खाली बसले. सव्वा वर्ष ज्याची वाट पाहिली ते फुललं होतं आणि मीच ते देठासकट उपटलं होतं! मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. ताई उठली, माझ्याशेजारी ओल्या जमिनीवर बसली आणि समोरच्या बाईंसकट सगळ्यांसमोर तिने खरोखर कान पकडले. एका कानात अजून कापडी गेंद होता, तरी पकडले. मग फूल घेऊन स्टीलच्या ग्लासात ठेवलं आणि ग्लास जळगावच्या बारशाला घेऊन गेली. तिथे म्हणे बाळापेक्षा त्याचेच फोटो जास्त निघाले.

झाड अजून आहे. या वर्षी त्याला तीन कळ्या आल्यात. आप्पांनी पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत "फुलं तोडू नका" असं लिहून कुंडीला बांधलंय. समोरच्या बाई परवा म्हणाल्या, "बरं केलंत हो पाटी लावली, गल्लीतली पोरं फार द्वाड आहेत." मी म्हणाले, "हो ना, पोरांचा काही भरवसा नाही," आणि पुठ्ठ्याच्या खालच्या ओळीवर पटकन पदर टाकला. आप्पांनी तिथे माझं नाव लिहिलंय.