झोळण्याखालचं खळं

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या रानात विमानं उतरायची. थट्टा नाही. लढाईच्या दिवसांत निजाम सरकारनं येडशीजवळचं आमचं रान घेतलं, मुरूम टाकून त्यावर दगडी रूळ फिरवला आणि माझ्या सासऱ्यांनाच तिथं राखणदार नेमलं. महिन्या-दोन महिन्यांतून एखादं विमान यायचं. एरवी मामंजी कडेचे दगड चुन्यानं रंगवायचे, गुरं हाकलायचे आणि उंच खांबावरच्या कापडी झोळण्याकडं बघत बसायचे. तो फुगला की वारं कुठून वाहतंय ते वरच्या माणसाला कळायचं. मामंजींना त्याचं वेडच लागलं होतं. जेवतानाही अर्धं लक्ष तिकडंच.

लढाई संपली आणि उस्मानाबादेहून एक अंमलदार आला. "अब जहाज नहीं आते, बडे मियाँ," तो म्हणाला. "जमीन तुम्हारी तुमको वापस." पिंपं, तंबू सगळं गाडीत भरून नेलं. खांब तेवढा राहिला, कारण तो उपटायचा त्यांना कंटाळा आला.

नोकरी गेली, पण रान मिळालं म्हणून मी पुरण घातलं. दुसऱ्या दिवशी नांगर धरला, तर पहिल्याच तासाला, म्हणजे पहिल्याच ओळीला, फाळ वाकला. कुदळ मारली तर ठिणगी उडाली. आमचं दुसरं रान म्हणजे ओढ्याकाठचा एक तुकडा, त्यावर आम्हा तिघांचं भागणार कसं? आमचे हे बार्शीच्या गिरणीत जायचं म्हणू लागले. आधी ते एकटे, मग घराला कुलूप लावून आम्ही सगळे. मला रडू यायचं. हे घर मला आवडायला लागलं होतं, आणि घरधनीही.

मामंजी मात्र दगड रंगवतच होते. एके दिवशी माझा तोल सुटला.

"मामा, आता कुणासाठी रंगवताय?"

"आलंच एखांदं तर?"

"येत न्हाय आता कुणी! नांगर शिरंना, कुळव शिरंना. मग काय खळं करायचं का ह्याचं?"

बोलले आणि जीभ चावली. सासऱ्यांपुढं असं कुणी बोलतं का? मामंजींनी कुंचा खाली ठेवला. जमीन पायानं ठोकून बघितली, मग वर झोळण्याकडं बघितलं.

"व्हय की," ते म्हणाले.

आमच्या काळ्या रानात खळं करायचं म्हणजे पाणी शिंपायचं, तुडवायचं, सारवायचं. तरी भेगा पडायच्या आणि ज्वारीत माती यायची. इथं नुसतं झाडलं की झालं. आधी आमच्या तुकड्याची कणसं पडली. ती तुडवायला झोळण्याच्या खांबालाच बैलांची पात बांधली. मातीचा कण नसलेली ती मळणी बघून सगळा गाव बैलगाड्या घेऊन आला. राशीमागं दोन सुपं ज्वारी खळ्याच्या मालकाला, असं गावानं आपणहून ठरवलं.

"सुपानं कुठं पोट भरतंय?" हे म्हणाले, आणि त्यांनी बोचकं बांधलंच. दुपारची गाडी धरायची होती.

त्याच दिवशी वाऱ्यावर भुसकट उडवायची उफणणी होती, आणि वारं पडलेलं. लोक कुरकुरायला लागले. दरसाल एकाचं भुसकट दुसऱ्याच्या राशीत जाऊन हमरीतुमरी व्हायची, ती आताही होणार असं दिसत होतं.

मामंजी उठले. "जरा दम धरा. मावळतीचं वारं येतंय आता. समद्यांनी दक्षिण-उत्तर एका रांगंत उभं ऱ्हावा, कुणाचं भुसकट कुणाकडं जाणार न्हाय."

म्हातारा सांगतोय म्हणून लोक उभे राहिले. थोड्या वेळानं झोळणा हलला, मग टच्च फुगला. इतकी वर्षं बसून बघितलेलं वारं मामंजींच्या कामी आलं, आणि मला त्यांचा असा अभिमान वाटला की डोळेच भरले.

आमच्या राशीपाशी वावडी, म्हणजे उफणायची तिवई, रिकामीच होती. यांनी बोचकं खांबाशी ठेवलं आणि वर चढले. "जाईपर्यंत दोन पाट्या उफणतो," म्हणाले. दोनाच्या दहा झाल्या, दहाच्या वीस.

येडशी स्टेशनातून बार्शीच्या गाडीची शिट्टी झाली. मी पाटी हातात घेऊन तशीच थांबले. त्यांनी तिकडं बघितलं, मग वर झोळण्याकडं, अगदी मामंजींसारखं.

"भर की पाटी," ते माझ्यावर खेकसले. "वारं हाय तवर उरकू."