जाळं न टाकणारा सभासद

एप्रिल संपला की मी कागद काढतो. पेन्शनचा वर्षाचा उतारा, मुदत ठेवींच्या व्याजाचे दाखले, विम्याच्या पावत्या, घरटॅक्स, दवाखान्याची बिलं. आयकराचं विवरणपत्र भरून देणाऱ्या बाईंचं ऑफिस ब्रह्मपुरीत माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. जुलैत त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी आधीच पिशवी घेऊन जातो. आयुष्यभर पोरांना "वेळेत या" म्हणत आलेल्या मास्तराला उशीर करणं जमत नाही.

मागच्या वर्षी त्या बाईंनी पडद्यावर माझ्या पॅनवरच्या नोंदी उघडल्या. पेन्शन होती, व्याज होतं, आणि खाली गावच्या मच्छीमार संस्थेकडून आलेली रक्कम होती. संस्था आता सगळं थेट बँकेत जमा करते, त्यामुळे काही झाकून राहत नाही. बाईंनी चष्मा वर केला.

"सर, तुम्ही मासेमारी करता?"

त्या गमतीने विचारत होत्या. मी म्हणालो, "घरची आहे. इतर उत्पन्नात लिहून टाका." त्यांनी लिहिलं, मी सही केली. बाहेर येऊन रसवंतीवर बसलो आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलो.

मी मासेमारी करत नाही. कधीच केली नाही. आम्ही ढीवर, वडील, आजोबा सगळे पाण्यातले. पण लहानपणी मी जाळं फेकलं की ते उघडायचंच नाही, बोचक्यासारखं धप्पकन पडायचं. वडील म्हणायचे, "याले पाटी द्या बाबा, पानी नोको." मासे मारतो तो माझा धाकटा भाऊ. गावच्या तलावावर, माझ्या नावावर.

आमच्याकडे यात कोणाला नवल वाटायचं नाही. संस्थेत एका घरातून एकच नाव असतं. वडील गेले तेव्हा मी नुकताच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो होतो आणि भाऊ चौथीनंतर शाळेकडे फिरकला नव्हता. सभेत ठराव वाचतात, सह्या घेतात, कधी तालुक्याचे साहेब येतात. तेव्हा घरातल्या लिहिणाऱ्याने सभेत बसायचं आणि दुसऱ्याने पाण्यात उतरायचं, असं काकांनी ठरवलं. बऱ्याच घरांनी असंच केलं होतं. मी अर्जात लिहून दिलं की मासेमारी हाच माझ्या उपजीविकेचा धंदा आहे. शाळेतून आल्यावर, हजेरी भरायच्या पेनने.

पैशाचा घोळ मी केला नाही. जे आलं ते भावाच्या हातावर ठेवलं. एवढ्याने सगळं सरळ राहतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पण सभेत बोलता येतं फक्त सभासदाला. भावाला जे वाटे ते त्याने मला सांगायचं आणि मी सभेत मांडायचं. एका वर्षी तलाव ठेकेदाराला द्यायची गोष्ट निघाली. सभेच्या आदल्या दिवशी भाऊ सायकल मारत माझ्याकडे आला. चहासुद्धा घेतला नाही.

"दादा, उभा राहजो अन् नाई म्हनजो. बस. दुसरं काई नोको बोलू."

मी मान डोलावली. माझा बदलीचा अर्ज तेव्हा वर पडून होता आणि त्या वेळच्या अध्यक्षांची वरपर्यंत ओळख होती. सभेत त्यांनी ठेक्याच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. मी केला. ठेका संपेपर्यंत भावाने आपल्याच तलावात दुसऱ्याच्या रोजीवर जाळं ओढलं. माझा हात वर गेला होता हे त्याला कोणीतरी सांगितलंच असणार. त्याने मला कधी विचारलं नाही. मला हवी ती शाळा मिळाली.

यंदा कागद काढले तेव्हा दिवाणावर पहिल्यांदाच दोन गठ्ठे केले. एक माझ्या कागदांचा. दुसरा, माझ्या नावाच्या पण माझ्या नसलेल्या कागदांचा. संस्थेचं ओळखपत्र, त्यावर माझा फोटो. जाळ्याच्या अनुदानाचं पत्र. मच्छीमाराचा अपघात विमा, तोही माझाच; मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. आणि वारस म्हणून माझा मुलगा, जो पुण्यात कंपनीत आहे आणि मासे घरपोच मागवतो. उद्या मी गेलो तर तलावातली आमच्या घराची जागा त्याची होईल आणि भाऊ पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून बघेल. हे मला आधीही माहीत होतं. माहीत असून मी दर वर्षी ते कागद नीट घडी करून परत ठेवत होतो.

या वेळी ठेवले नाहीत. हे निस्तरल्याशिवाय विवरणपत्रावर सही करायची नाही असं ठरवलं, दुसरा गठ्ठा पिशवीत घातला आणि जीपमध्ये बसून गावाला गेलो.

भाऊ अंगणात जाळं सांधत होता. भावजय कोंबड्यांना कणी टाकत होती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. त्यामुळे माझी भावजय इतकी वर्षं माझ्याशी बोलली ती भिंतीशी, चुलीशी नाहीतर कोंबड्यांशी बोलून. ऐकायचं ते मी ऐकायचं.

मी म्हणालो, "संस्थेतली जागा तुह्या नावानं करतो."

"काऊन दादा? डाक्टरनं तारीख देल्ली काय?"

"नाई बे."

"मंग इतके वर्स नाई सुचलं?"

"सुचलं होतं. केलं नाई."

तो जाळ्यातलं भोक बोटाने चाचपत राहिला.

"कोंबडे," भावजय म्हणाली, "दाना टाकला का तू लगेच येतं. तुले कोनी शिकवलं नाई तरी समजते. शिकलेल्यायले समजाले म्हातारपन लागते."

भाऊ फिसकन हसला. मलाही हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

तिथून अध्यक्षांकडे गेलो. आताचे अध्यक्ष माझेच विद्यार्थी. खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, एवढ्यासाठी कायले तरास? लिहून द्या, वृद्धापकाळामुळे आता मासेमारी होत नाही, जागा भावाला द्यावी. तुमची जुनी जागा जशीच्या तशी त्यालेच भेटन. झाकली मूठ."

"आणि जे खरं आहे ते लिहिलं तर?"

"तर तुमचा पयला अर्जच खोटा ठरते. सभासदत्व रद्द. भाऊ येईन नवा सभासद म्हनून, समद्यायच्या मांगं."

मागे म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या तलावावर जुने सभासद खोल पाण्याकडे जाळं टाकतात. नव्याला मिळतो गवताकडचा काठ, जिथे जाळं फाटतं जास्त आणि मासोळी लागते कमी. भाऊ पोरगा होता तेव्हापासून खोल पाण्यात उतरत आलेला.

मी परत येऊन त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या. मला खरं लिहायचं आहे हेही सांगितलं.

जाळं खाली ठेवून तो म्हणाला, "तुह्या मनाचं धुनं माह्या पान्यात काऊन धुतं?"

जीपमध्ये बसताना मी मनाशी एवढा पक्का होतो, पण खोल पाणी सोडावं लागणार होतं त्याला. मला तर नुसतं हलकं वाटणार होतं. मी म्हणालो, "तू म्हनशीन तसं लिहितो. अध्यक्षानं सांगितलं तसं म्हन, तसंच लिहितो." आणि खरोखर लिहिलं. पिशवीत कोरा कागद होताच. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "वाच."

मी वाचलं. "वृद्धापकाळामुळे यापुढे मासेमारी करणे मला शक्य नसल्याने..."

"थांब. यापुढे म्हनजे? आतावरी तू करत होता?"

"कागदावर."

"अन् मी?" त्याचा आवाज चढला. "मी काय पाळीवर कंचे खेलून राह्यलो होतो? हे काय झालं मंग?" त्याने पाय पुढे केला. बोटांच्या बेचक्यातली कातडी पाण्याने खाल्लेली, पांढरी. "हे बी तुह्यंच लिहितं काय? फाड ते."

"खोल पानी जाते तुह्यं."

"जाऊ दे. फाड म्हनलं न."

आतून भावजय चुलीला म्हणाली, "गवतात तं गवतात. पन आपल्या नावानं."

मी कागद फाडला. भावाने तुकडे उचलून कोंबड्यांच्या दिशेने भिरकावले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सभेत तुलेच बोला लागन. मले येऊ देत नाई तिथी." जाळं परत मांडीवर ओढत, "अन् मांगल्या बारीसारखं नोको करू."

इतक्या वर्षांत तो त्या सभेबद्दल पहिल्यांदा बोलला. मी "नाई करत" एवढंच म्हणालो.

ब्रह्मपुरीला येऊन नवा अर्ज लिहिला. नोकरीत असताना खोटं लिहून दिलं होतं, तेव्हा पेन्शनला काही झालं तर, ही भीती मनात होती. अर्ज लिहिताना दोनदा पेन खाली ठेवला. पण भीती बाजूला ठेवायला आता वय सोईचं आहे. बायको गेल्यापासून मी एकटा; एकट्या माणसाला लागतं किती? विवरणपत्रवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्या या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्कम भावाला पोचल्याचं त्यांच्या सहीचं पत्र आणा, आणि संस्थेच्या ठरावाची नक्कल. मग मी नीट बघते. आणि सर, पुढच्या वर्षी पैसे त्यांच्याच खात्यात जाऊ द्या."

सभा जूनमध्ये झाली, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. भाऊ बाहेर ओट्यावर बसला. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता, मुलीच्या लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. माझा विषय आला. मी उभा राहिलो आणि अर्ज वाचायला लागलो. मासेमारी मी कधी केली नाही, जाळं मला टाकता येत नाही, अर्जात लिहिलं होतं ते खोटं होतं.

मागून एक म्हातारे सभासद ओरडले, "गुरुजी, हे तं तलावातल्या मरळीलेबी मालूम हाय!"

सगळा हॉल हसला. मीही थांबलो, हसणं ओसरू दिलं आणि पुढे वाचलं. ठेक्याच्या सभेत माझ्या भावाचं मत 'नाही' असं होतं. त्याने ते मला सांगून पाठवलं होतं. मी माझ्या बदलीसाठी हात वर केला.

आता कोणी हसलं नाही. मग तेच म्हातारे हळू आवाजात म्हणाले, "आमीबी केला होता, गुरुजी. तुमचा एकट्याचा नोता तो हात."

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं असेल. पण मला ते आधाराला घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "तुम्ही तुमचं मत दिलं. मी दुसऱ्याचं देऊन टाकलं," आणि खाली बसलो.

ठराव झाला. माझं सभासदत्व रद्द, भाऊ नवा सभासद. जुनी जागा त्यालाच ठेवावी, इतकी वर्षं पाण्यात तोच होता, अशी विनंती मी केली. ती कोणी मान्य केली नाही. एकजण म्हणाला, "मंग उद्या समदेच म्हनतीन, आमचाबी भाऊच उतरत होता." त्यात चूक काही नव्हती. भाऊ शेवटच्या नंबरवर गेला.

सचिव अवघडून म्हणाले, "गुरुजी, आता तुमाले बाहेर बसा लागते. पुढचा विषय सभासदायचा हाय."

मी बाहेर आलो. दारात भाऊ चप्पल काढत होता. मी म्हणालो, "गवताकडचंच भेटलं."

"आयकलं मी," तो म्हणाला आणि आत गेला.

ठरावाची नक्कल मिळेपर्यंत मला थांबायचंच होतं. मी ओट्यावर बसलो. डोक्यावर खिडकी होती, आतलं सगळं ऐकू येत होतं. विषय होता यंदाचं मत्स्यबीज कोणाकडून घ्यायचं. अध्यक्षांनी एक नाव सुचवलं, दोघांनी हो म्हटलं, आणि मग मला भावाचा आवाज आला. चढा, जरा घोगरा.

"मांगल्या साली त्याचंच आनलं होतं. बारीक बीज, नखाएवढं. मरळीनं खाल्लं अर्धं. उशिरा घ्या, पन मोठं घ्या."

"मोठं महाग पडते, भाऊ. बसा."

"बसत नाई. माहं बोलून होऊ द्या."

कोणीतरी म्हणालं, "आला नाई तं लागला भांडाले!" आणि हशा झाला. त्याचं बोलणं थांबलं नाही. जाळ्याची भोकं केवढी असावीत त्यावर गेला, गेटचं पाणी धानाला कधी सोडतात त्यावर गेला, मूळ मुद्द्यावर परत आला. त्याचं सगळंच बरोबर होतं की नाही, मला सांगता येणार नाही. अध्यक्षांनी शेवटी मत घ्यायचं ठरवलं. सुचवलेल्या नावाच्या बाजूने हात मोजले गेले, त्याला वेळ लागला.

"विरोधात?"

या वेळी मोजायला वेळ लागला नाही.

"विरोधात एक," सचिव म्हणाले. "ठराव मंजूर. चला पुढं."

"पुढं कायचं? आधी लिहा," भाऊ म्हणाला. "विरोधात एक. नावासकट लिहा."