कावळा फार लवकर शिवला

वहिनी गेल्याचा निरोप मला इंदापूरला, शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर मिळाला. आठवीचा तास अर्धवट टाकून मी धावत आले, तर पलीकडून माझा थोरला भाऊ नुसतंच "हॅलो... हॅलो" करत होता. शेवटी शेजारच्या काकूंनी फोन हातात घेतला. "सुनंदा गेली गं. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणं." सकाळी क्लास उघडायला उठलेली बाई दुपारी नाही, यावर विश्वास तरी कसा ठेवायचा? महिना उलटून गेला, तरी माझा राग जात नाही. होय, रागच. रडायचं तेवढं रडून झालं, राग मात्र जागचा हललेला नाही.

वहिनी शेळगावची. तिच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडलांनी शेती धरली, आणि हिनं पुण्याला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. लग्नानंतर बारामतीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर मांडून तिनं फक्त मुलींसाठी क्लास काढला. तेव्हा कॉम्प्युटरचं काय अप्रूप होतं! काटेवाडीच्या, अंथुर्ण्याच्या मुली एस.टी.नं यायच्या, पण आधी त्यांचे वडील येऊन खोली बघून जायचे. वहिनी त्यांना बसवून घ्यायची, ऊस-पाण्याचं विचारायची, आणि मग मुलगी आत. एकदा मी तिला चिडवलं, "वहिनी, तू मुलींना शिकवतेस की त्यांच्या बापांना?" तर म्हणाली, "बाप पास झाला तरच पोरगी बसती की वो, वन्सं."

गेल्या दसऱ्याला मात्र घात झाला. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. कोयता, विळा, शिलाई मशीन, आणि वहिनी आल्यापासून कॉम्प्युटरही. आईनं मनोभावे हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि अक्षता टाकल्या त्या नेमक्या फ्लॉपीच्या फटीत! वहिनीनं तो डबा उपडा करून तांदूळ झटकले तेव्हा हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण त्या दिवसापासून मशीन फ्लॉपी वाचेना. तसेही नवे प्रोग्रॅम त्याला झेपत नव्हतेच. पुण्याहून आलेला मेकॅनिक म्हणाला, आतला बोर्ड बदला, मेमरी वाढवा, अजून दोन-तीन वर्षं ओढेल. नाहीतर सरळ नवा पेंटियम घ्या.

झालं, दादाच्या डोक्यात पेंटियम शिरला. रंगीत मॉनिटर, स्पीकर, गाड्यांच्या शर्यतीचे गेम. दिवसा क्लास, संध्याकाळी पोरांना तासावर खेळायला द्यायचा. दादा वाईट नाही हो, पण नवी वस्तू दिसली की त्याला दम निघत नाही. "त्या डबड्याला किती दिवस मलमपट्टी करणार हायस?" असं तो म्हणायचा. वहिनीचं एकच म्हणणं होतं. "खोलीतनं ढिशांव-ढिशांव ऐकू आलं, दारात टवाळ पोरं दिसली, की एकबी बाप पोरीला धाडणार न्हाय. क्लास संपला म्हणून समजा." आमच्या शेवटच्या भेटीत तिनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "वन्सं, तुमी सांगा की त्यांना. तुमचं ऐकत्यात." मी सांगितलं. दादा "बघू" म्हणाला. बघू! या एका शब्दाखाली आमच्या घरातल्या किती बायकांचं काय काय गाडलं गेलंय...

दहाव्याला कऱ्हाकाठी पिंड ठेवले. मी मनातून तयारीत होते. कावळा खोळंबला की घरची माणसं गेलेल्याला हात जोडून, चारचौघांत शब्द देतात, आणि तिथं दिलेला शब्द आमच्याकडं कुणी मोडत नाही. कावळा अडेल, आणि दादाला म्हणावंच लागेल, "तुझा पोरींचा क्लास चालू ठेवतो." देवाकडं मी एवढंच मागत होते. पण माणसं अजून मागं सरताहेत तोवरच कावळा आला आणि शिवलासुद्धा. "सुटली बाई," कुणीतरी म्हणालं. "कशात जीव अडकला नव्हता तिचा." दादा ढसाढसा रडला. मला मात्र कावळ्यावर ओरडावंसं वाटलं, मेल्या, थांबायला काय झालं होतं तुला? आणि वहिनीचाही राग आला. अगं, सगळा जन्म समजूतदारपणात घालवलास, निदान तिथं तरी अडून बसायचंस!

गेल्या रविवारी बारामतीला गेले, तर पुढच्या खोलीत पेंटियम. तीन-चार पोरं त्याला चिकटलेली. "क्लासला दुसऱ्या मॅडम बघतोय की," दादा म्हणाला. मी काही बोलणार, तेवढ्यात दारात अंथुर्ण्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन उभे राहिले. "शेळगावच्या मॅडमचा क्लास हाच न्हवं?"

सांगावं मलाच लागलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "आरारा..." म्हणाले. तोवर मुलीनं उंबऱ्याबाहेर चपला काढून, जोड जुळवून, भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. वहिनीची शिस्त तिला मैत्रिणींनी सांगून ठेवली असणार. आतून गाडी आदळल्याचा आवाज आला आणि पोरं एकदम ओरडली. गृहस्थांनी आत पाहिलं. मग दादाकडं पाहिलं.

"घाल गं चपला," ते मुलीला हळूच म्हणाले.