जीप बाहेर, नाव गॅरेजात

त्या वर्षी आमची जीप पाच महिने लिंबाखाली उन्हापावसात उभी होती आणि गॅरेजात नाव होती. येणारा-जाणारा हसायचा. "आबा, पाणी तिकडं धरणावर, अन् नाव काहून घरात?" आबा, म्हणजे माझे वडील, उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर मी द्यायचे, आणि ते ऐकून माणूस पुन्हा विचारायचा नाही. बारावी होऊन घरी बसले होते, दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मला बघून, पोहे खाऊन जात होतं. माझी जीभ तेव्हा जरा जास्तच चालायची.

नाव कशासाठी ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलून कुणी दाखवत नव्हतं. माझी थोरली बहीण सिद्धेश्वर धरणाच्या पलीकडच्या काठाला दिली होती. पाण्याकडेला उभं राहिलं की तिच्या गावातल्या देवळाचा कळस दिसायचा. रस्त्यानं जायचं तर मात्र मोठा वळसा, दीड-दोन तास, आणि त्याला रस्ता म्हणायचं ही आपली रीत. तीन वर्षांपूर्वी ताईला पहिल्यांदा दिवस गेले होते. सातव्या महिन्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, निरोप आला, आबांनी तिला जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि दवाखान्यापर्यंत जिवाच्या आकांतानं गाडी पळवली. लेकरू गेलेलंच जन्मलं. मुलगी होती. आबा दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच म्हणत होते, "माझ्या गाडीनं मारलं. खड्ड्यात आदळून आदळून मारलं." कुणी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

तेव्हापासून आबांचा हात तिसऱ्या गिअरला म्हणून गेला नाही. औंढ्याला सवाऱ्या नेणारी जीप ती, पण चालायची बैलगाडीसारखी. सवाऱ्या वैतागायच्या. "आबा, आमी उतरून पायी पुढं होतो, तुमी या सावकाश," असं एकजण रोज म्हणायचाच. आबा रस्त्यावरची नजर काढायचे नाहीत. मला त्या माणसांचा राग यायचा आणि आबांचाही यायचा.

मग आषाढात निरोप आला की ताईला पुन्हा दिवस गेलेत. आई रडली, देवाला साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी आबांनी जीप गॅरेजातून काढली, लिंबाखाली लावली आणि पत्र्याचं रिकामं गॅरेज झाडून काढलं. संध्याकाळी शेजारच्या सुतारचाचांना घेऊन आले. चाचा बैलगाड्या करायचे, नाव त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. आबांनी खडूनं जमिनीवर नावेचा आकार काढला आणि म्हणाले, "सातव्या महिन्यात लेकीला आणायचं. पाण्यावरून. हादरा बसला न्हाई पायजे."

जुन्या बैलगाड्यांची, मोडक्या दारांची सागवानी लाकडं जमा झाली. चाचा फळ्या कापून, वाकवून द्यायचे, ठोकायचे आबा. सवाऱ्या सोडून आले की कंदील लागेपर्यंत ठोकाठोक. पलीकडे मात्र कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, कारण ताईच्या सासूनं पोटुशी सून पाण्यावरून पाठवली नसती. दिवाळीपर्यंत नावेसारखी नाव उभी राहिली. आता राहिलं होतं सांधे भरायचं आणि रंगवायचं काम, आणि तिथंच आम्ही घोळ घातला.

चाचांनी सांगितलं होतं, सांध्यांत कापूस ठासा आणि वरून डांबर ओता. आई चहा घेऊन आली होती, तिनं कप तसाच खाली ठेवला. "डांबर? काळं? लेक आणायच्या नावेला बुडाखाली काळं लावता? एकदा झालं ते बस झालं न्हाई का?" ओटीत हिरवं घालायचं, अंगावर काळा धागा नको, आणि बसायच्या जागेखाली मात्र काळंकुट्ट डांबर, हे आईला सोसणारंच नव्हतं. चाचा समजावायला गेले, पण आबांनी हात वर केला. "न्हाई लावत डांबर. आपल्याकडं लांबी हाय ना."

लांबी म्हणजे गाडीचा पत्रा चेपला की त्यावर भरतात ते घट्ट मळलेलं पुट्टीसारखं. आबांचा त्यातला हात सुरेख. जीपचे सगळे पोचे त्यांनी घरीच भरले होते. आठ दिवस ते नावेच्या एकेका फटीत पत्तीनं लांबी दाबत बसले, आणि मी पाण्याचा पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा खरकागद, घेऊन ती घासत बसले. बोटांची सालं निघाली. जरा कुठं खडबडीत राहिलं की आबा तळहात फिरवून म्हणायचे, "इथं अजून." मी म्हणायचे, "ताई नावेत बसणार हाय का नावेला गाल घासणार हाय?" तेव्हा ते हसायचे. ते हसलेले बघायला मिळावं म्हणूनच मी तसलं काहीतरी बोलत राहायचे.

मग लाल ऑक्साईडचा हात, आणि त्यावर आकाशी ऑइलपेंट. रंग आईनं पसंत केला. थंडी पडली होती, एक हात वाळायला दोन दिवस लागायचे. धूळ बसू नये म्हणून दाराला आईचं जुनं लुगडं ओलं करून टांगलेलं. घरभर टर्पेंटाईनचा वास, भाकरीलाही तोच. तिसरा हात दिला त्या दिवशी नाव अशी चकाकत होती की आबांनी त्यात स्वतःचं तोंड पाहून मिशीवरचा रंग पुसला. शेवटी त्यांनी जीपच्या पुढच्या सीटची रेक्झिनची गादी काढली आणि नावेच्या मधल्या फळीवर बसवली. ताई जिथं बसली होती तीच गादी.

चाचा नाव बघायला आले. सगळीकडून फिरले, बोटानं टिचक्या मारल्या. "चमकते तर झक्कास. पर भाऊ, लाकूड सुकेल हाय. पाण्यात गेलं की फुगंल, अन् तुमची लांबी फुगत न्हाई. ती बाहेर फेकंल." मग म्हणाले, "उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक ढिलं झालं की तुमी काय करता? वढ्यात टाकता का न्हाई? नावेला बी आदी आठ रोज बुडवून ठिवावं लागतं."

मीच उसळले. "चाचा, पाच महिने आबांनी हाडाची काडं केली, अन् तुमी म्हणता बुडवा? अशी रंगवलेली नाव?" चाचा माझ्याकडे बघत राहिले, मग आबांकडे. आबा म्हणाले, "पौष लागायला दहा दिवस हायेत. पौषात लेकीला आणत न्हाईत. आठ रोज बुडवून कधी काढू अन् कधी जाऊ?" चाचांनी टोपी नीट केली आणि गेले. तेव्हा मी गप्प बसले असते तर किती बरं झालं असतं, हे मला आजही वाटतं.

दोन दिवसांनी नाव बैलगाडीवर घालून धरणावर नेली. नारळ फोडला. आबा आणि मी बसलो. दहा-पंधरा वल्ही मारेपर्यंत सगळं छान होतं, मी तर काठावरच्या आईला हात करत होते. मग पायाला गार लागलं. खाली पाहिलं तर लांबीची एक लांबच लांब पट्टी सुटून पाण्यावर तरंगत होती, आणि तिच्या जागेवरून पाणी आत येत होतं. मग दुसरी सुटली. आम्ही कसेबसे काठाला आलो. मी उतरले, आबा उतरेनात. घोटाभर पाण्यात, त्या गादीवर, वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिले. "आबा, उतरा," मी म्हटलं. "ती बसली असती तर?" एवढंच ते म्हणाले.

चाचांना बोलावलं. ते एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. आठ दिवस घासून गुळगुळीत केलेली सगळी लांबी एका दिवसात उकरून काढली, आकाशी रंगावर चरे पडले. कापूस ठासला. आणि डांबर? ते आईनं स्वतः तीन दगडांवर डब्यात वितळवून दिलं. डोळे पुसत होती, धुरानं म्हणाली. मग नावेत धोंडे भरले आणि ती काठाजवळच कमरेएवढ्या पाण्यात बुडवली. चाचांचं बराबर निघालं, ती नाव पुढं कितीतरी वर्षं थेंबभर गळली नाही. पण पौष चार दिवसांवर आला होता आणि नाव तळाशी होती.

जाणं भाग होतं. आबांनी गादी उन्हात वाळवली आणि जीपला परत बसवली. तेवढं करताना नट दोनदा खाली पडला. लेक आणायला मुऱ्हाळी लागते, म्हणून मी बरोबर गेले. ताईची सासू म्हणाली, "सांभाळून न्या." त्या दोन शब्दांनी आबांचा चेहरा उतरला. ताई पुढं बसली, मी मागं. आबांनी पहिला गिअर टाकला तो काढलाच नाही. प्रत्येक खड्ड्याला गाडी थांबायची, आबा ताईच्या पोटाकडे बघायचे आणि मग चाक उतरवायचे. दीड तासाच्या वाटेला तीन तास झाले तरी आम्ही धरणाच्या अलीकडे आलो नव्हतो.

शेवटी वळसा संपला; आमच्या काठाला रस्ता पाण्याला लागतो, तिथं इंजिन गरम झालं म्हणून थांबलो. ताई उतरली, पाण्यापाशी गेली. "अगं, हे काय बुडालंय? आकाशी आकाशी?"

माझा तोल गेला. "तुझी नाव हाय ती! पाच महिने करून राहिले आबा. तुला जीपीत बसवायचं न्हाई म्हणून. खड्ड्यानं लेकरू गेलं म्हणून!"

"गप गं," आबा म्हणाले. ताई कितीतरी वेळ त्या पाण्यातल्या नावेकडे बघत होती. मग एकदम वळली, आणि तिचं तोंड बघून मी घाबरले.

"आबा, ते जीपीनं न्हाई गेलं." तिला हुंदका आवरेना. "तुमी यायच्या दोन दिवस आदीपासून पोटात हालत नव्हतं. मला कळत व्हतं. सासूला सांगायला भ्याले. मनलं झोपलं असंल. मग तुमीच मनले माझ्या गाडीनं मारलं, सगळ्यांनी व्हय मनलं, अन् मी गप बसले. माझ्यावर येऊ नये म्हणून गप बसले, आबा."

मला तिचा असा राग आला की काय सांगू. तीन वर्षं! सवाऱ्यांचे टोमणे, दवाखान्याच्या पायरीवर बसलेले आबा, माझी सोललेली बोटं, सगळं तोंडाशी आलं. आज मला दोन लेकरं आहेत, तिचं भ्यालेपण मला कळतं, तरी तो राग थोडा शिल्लक आहेच. मी आबांकडे पाहिलं. वाटलं आता ते ओरडतील, निदान खाली बसतील.

आबांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. खूप वेळ पुसत होते. मग तिला विचारलं, "अन् हे? हे हालतं का?"

"हालतं," ताई म्हणाली. "सकाळधरून लाथा मारून राहिलं."

"बराबर?"

"बराबर, आबा. अन् मला भूक लागली. अशानं घरी कधी जायाचं?"

आबांनी तिला हात धरून सीटवर बसवलं, जीप चालू केली. पहिला टाकला, दुसरा टाकला. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मागं नीट धरून बस गं," म्हणाले, आणि तिसरा टाकला.